माने सरांची जर-तरची शिकवणी

दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगात बनियन होतं आणि हातात अर्धवट सोललेला दोडका. मी विचारलं, "काका, फ्रेंचचे सर इथंच राहतात ना?"

"हाय की," ते म्हणाले. "बसा. बोलवतो."

आत गेले. दोन मिनिटांनी तेच गृहस्थ राखाडी शर्ट घालून, केस पाण्यानं चापून बाहेर आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोंझूर. मी माने. बोला."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की उठून जावंसं वाटलं. आतून त्यांच्या पत्नीचं, कमलकाकूंचं हसू ऐकू आलं. "वाईट वाटून घेऊ नको गं," त्या आतूनच म्हणाल्या. "मागं एकजण यांच्यासमोरच बसून यांना सांगत होता, सरांना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणून. अर्धा तास! यांनी त्याला चहासुद्धा पाजला."

पिंपळे गुरवच्या त्या सोसायटीत माझं जाणं सुरू झालं ते असं. मी तेव्हा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात नवीनच लागले होते. गाड्यांच्या सीट ज्या लोखंडी पट्ट्यांवर मागं-पुढं सरकतात, त्या पट्ट्या आम्ही बनवायचो. कंपनीचे मालक फ्रान्समधले. तिकडून येणाऱ्या मेलमधलं निम्मं फ्रेंच असायचं आणि ज्याला ते वाचता येई त्याला मीटिंगला बोलावणं यायचं. मला बोलावणं हवं होतं. एवढाच माझा उद्देश. भाषेचं प्रेम वगैरे काही नव्हतं.

माने सर मूळचे उदगीरकडचे. आयटीआय करून चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आयुष्य तिथंच काढलं. तरुणपणी त्यांच्या कारखान्यात पत्रा दाबून कापणारी एक मोठी फ्रेंच प्रेस आली. ती उभी करायला आलेल्या तिकडच्या कारागिरांच्या हाताखाली सरांना दिलं होतं. पाना कुठला हवा हे ते खुणेनं सांगायचे आणि सर शब्द विचारून घेऊन तळहातावर पेननं लिहायचे. मशीन उभी राहिली तोवर सरांकडे दीडशे शब्द जमले होते. मग कंपनीनं त्यांना पाच महिने फ्रान्सला पाठवलं. परत आले ते भाषा घेऊनच. निवृत्तीनंतर त्यांनी शिकवायला सुरुवात केली. डिग्री विचारली की सांगायचे, "डिग्री न्हाई. पाच महिने उपाशी राहायची पाळी आली होती, तेवढं शिक्षण हाय."

क्लास भरायचा सोसायटीच्या टेबल टेनिसच्या खोलीत. आमच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी. फळा नव्हता. सर टेबलावरच खडूनं लिहायचे आणि आम्ही सात-आठजण भोवती उभे राहून ओणवून वाचायचो. जो पलीकडे उभा असेल त्याला उलटं दिसायचं. "उलटं वाचता आलं की सुलटं कुठं जातंय," सर म्हणायचे. सोसायटीच्या चेअरमननी खडूवरून एकदा कटकट केली. त्यानंतर सर तास संपला की ओल्या फडक्यानं सगळं टेबल स्वतः पुसायचे, नेट सरळ करायचे. टेबल कधी नव्हे इतकं स्वच्छ राहायला लागलं, तेव्हा चेअरमन गप्प झाले.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी कायम असे. वही तपासताना ती ओळीखाली सरकवत जायचे. चूक सापडली की पट्टी तिथंच थांबायची. लाल रेघ नाही, शब्द नाही. पट्टी हलेपर्यंत तुम्ही चूक शोधायची.

जर-तरचा काळ, म्हणजे फ्रेंच लोक ज्याला कोंदिस्योनेल म्हणतात, तो त्यांनी ज्या दिवशी शिकवला तो तास मला जसाच्या तसा आठवतो. टेबलावर त्यांनी 'पार्ले' लिहिलं, म्हणजे बोलणे.

"बगा. हा अख्खा रॉड हाय. दुसऱ्या काळात आपण ह्याचा शेवट कापतो. इथं कापायचं न्हाई. कानस लावायची न्हाई. हाय तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर टोपण चढवायचं." त्यांनी पुढं तीन अक्षरं जोडली. "झ पार्लरे. मी बोलेन, पण कायतरी अट हाय. 'फिनीर' म्हणजे संपवणे. झ फिनीरे. अख्खा रॉड, वर टोपण. आता 'वाँद्र', म्हणजे विकणे. ह्याच्या शेवटी एक 'ई' हाय, ती नुसती बर हाय. कापलेल्या पत्र्याच्या कडेला राहती न्हाई का, तसली. तेवढी घासून काढायची आणि टोपण चढवायचं. झ वाँद्रे. संपलं."

टोपणं सहा. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. सहातली चार ऐकायला सारखीच, नुसतं 'रे'. 'आम्ही'ला रियों आणि 'तुम्ही'ला रिये. कुणीतरी म्हणालं, सर, ही टोपणं तर ओळखीची वाटतात. सर खूष झाले. "मग! ही साध्या भूतकाळाचीच हायत. धड भविष्याचं आणि शेपूट भूतकाळाचं. जर-तरचं असंच असतंय."

मग त्यांनी नेटकडे बोट केलं. नेटच्या अलीकडे 'जर' आणि पलीकडे 'तर'. 'जर'ला फ्रेंचमध्ये 'सी' म्हणतात. 'सी'च्या बाजूला साधा भूतकाळ लिहायचा, 'रे' फक्त पलीकडच्या बाजूला. 'जर तू बोलत होतास, तर मी ऐकेन', असं काहीसं. आपल्याला हे विचित्र वाटतं. आपण दोन्हीकडे 'असतं' लावून मोकळे होतो: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. त्यामुळं मी हटकून दोन्ही बाजूंना 'रे' लिहायचे. स्टीलची पट्टी थांबायची. मी पुसायचे. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, अर्थ तर कळतो ना? मग काय बिघडतं?"

"कळतो," ते म्हणाले. "पट्टी अर्धा मिलिमीटर जास्त झाली तरी पट्टीच असती की. पण सीट सरकत न्हाई."

हा काळ ते स्वतः कसे शिकले ती गोष्ट कमलकाकूंनी चहाच्या वेळी सांगायला लावली. फ्रान्समध्ये ते एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरी राहायचे. जेवणात बटाटे, उकडलेल्या भाज्या आणि पाव. सरांची भूक उदगीरची. ते म्हणायचे, "मला पाव पाहिजे." वाक्य बरोबर, व्याकरण चोख. बाई पावाची टोपली उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायच्या. सरांना वाटलं, या बाईला आपण जास्त खातो ते आवडत नाही. दोन दिवस अर्धपोटी उठले. तिसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच त्यांच्यासमोर बसून हळूहळू म्हणून दाखवलं, "झेमरे." मला आवडेल. मला पाव आवडला असता. सरांनी तसं म्हटलं आणि टोपली अख्खी त्यांच्या पुढ्यात आली, वर लोण्याचा तुकडा.

"तवा मला माझी माय आठवली," सर म्हणाले. "शेजारी विरजण मागायला गेली की ती म्हणायची, 'थोडं विरजण मिळालं असतं तर बरं झालं असतं.' 'दे' म्हणायची न्हाई कधी. समोरच्याला न्हाई म्हणायला जागा ठेवायची. फ्रेंच काय, मराठी काय, मागायची रीत हीच. मी कारखान्यात राहून विसरलो होतो."

त्यांना कुणाला हुकूम सोडताना मी खरंच कधी ऐकलं नाही. रिक्षावाल्यालासुद्धा "जरा अलीकडं थांबला असता का, भाऊ?" म्हणायचे.

मी शिकायला लागून तीनेक महिने झाले असतील. कंपनीत माझं नाव झालं होतं, 'हिला फ्रेंच येतं'. एका सोमवारी कँटीनमध्ये आमच्या लाइनचे गणेशदादा जेवणाचं ताट बाजूला सारून माझ्याजवळ आले. गणेशदादा निघोजे गावचे, जुन्या घरातले. लाइनवरच्या सगळ्या कंत्राटी कामगारांचा त्यांच्यावर विश्वास. त्यांनी मोबाइल पुढं केला. कुणीतरी साहेबाच्या टेबलावरच्या मेलचा फोटो काढला होता.

"ताई, ह्यात चाकण आन डिसेंबर असं दिसतंय. काय लिवलंय?"

मी वाचलं. एकच ओळ होती. चाकणचा विभाग, डिसेंबर, आणि मधे 'बंद होणे' हे क्रियापद. आजूबाजूला दहाजण उभे होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. मी म्हटलं, "डिसेंबरमध्ये आपला विभाग बंद होणार."

मंगळवारी लाइनवर दोन माणसं कमी होती. बुधवारी पाच. त्यातली एक मंदा. धाराशिवकडची, नवरा नसलेली, मुलीला इथल्या शाळेत घातलेलं. गणेशदादा म्हणाले, "खोली सोडली तिनं. म्हनली, डिसेंबरात हाकलल्यावर मधीच पोरीची शाळा कुठं शोधू? आत्ताच भावाकडं जाती."

मला काहीतरी टोचायला लागलं. फोटो मी माझ्या मोबाइलवर घेतला होता. बुधवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी न जाता थेट सरांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, आणि खिशातली स्टीलची पट्टी काढून मोबाइलच्या काचेवर ठेवली. पट्टी एका शब्दाखाली थांबली.

मी बघत राहिले. 'फेर्मरा' म्हणजे बंद होईल. पण तिथं शेवटी आणखी दोन अक्षरं होती, आय आणि टी. 'फेर्मरे'. आणि ओळीच्या शेवटी, फोटोच्या कडेला, मी पूर्ण न वाचलेला भाग: सी. जर. आणि पुढं रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, शब्द.

"रिजेक्शन असंच चालू राहिलं, तर डिसेंबरमध्ये बंद होईल," मी म्हटलं.

सरांनी पट्टी खिशात ठेवली. मला वाटलं आता रागावणार. मी रडायला लागले होते. मंदाचं सांगितलं. कमलकाकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"उद्या गुरुवार," सर म्हणाले. "सुट्टी हाय ना तुमाला? निघोज्याला कितीजण भेटतील?"

"सर, मी गणेशदादांना फोन करून सांगते की—"

"फोनवर न्हाई माय. तू बोललीस तवा तोंड समोर होतं. आताबी समोर पाहिजे." मग म्हणाले, "अर्थ मी सांगीन. चूक झाली, हे तू सांगायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लासला सुट्टी दिली. भोसरीहून आम्ही चाकणची बस धरली. सर खिडकीशी बसले होते. निघोज्यात मारुतीच्या देवळाच्या मंडपात गणेशदादांनी चाळीसएक माणसं जमवली होती. बायका एका बाजूला, काहीजणींच्या कडेवर पोरं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी चुकीचं वाचलं. मला पूर्ण येत नव्हतं, तरी येतंय असं दाखवलं." एवढंच मला जमलं.

मागून एकजण म्हणाला, "मंग जे गेले त्यांचं काय?" मी खाली बसले.

सर पुढं झाले. फिटर होतो हे सांगितलं, कुठल्या प्रेसवर काम केलं ते सांगितलं. माणसं सरकून जवळ बसली. मग ते म्हणाले, "फ्रेंच माणसाची एक रीत हाय. एखादी गोष्ट ठरली असली की तो क्रियापदाला एक शेपूट लावतो. अट असली की दुसरं लावतो. ह्या कागदात दुसरं लावलंय. म्हणजे ठरलं न्हाई. जर रिजेक्शन कमी न्हाई झालं, तर बंद."

"म्हंजी आमच्या हातात हाय म्हना की," गणेशदादा म्हणाले.

"सगळं न्हाई. पण 'जर' तुमच्या बाजूला हाय," सर म्हणाले. मग खाली सतरंजीवर बसले आणि त्यांनी सहज विचारलं, "पट्ट्या वाया कामून जातात?"

एक बाई हळूच म्हणाली, नवी कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, चढवली की पहिल्या वीस-पंचवीस पट्ट्या वाकड्या येतात. त्या बाजूला काढायला थांबलं तर सुपरवायझर ओरडतो. दुसरा म्हणाला, तीन नंबरच्या मशीनचा पट्टी सरळ धरणारा गाइड सैल हाय. मग सगळेच बोलायला लागले. क्वालिटीत असून मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलं नव्हतं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी वही काढली आणि लिहायला बसले.

शुक्रवारी ती यादी घेऊन मी मॅनेजरसाहेबांकडे गेले. मेलचा फोटो आणि माझी चूक, दोन्ही सांगितलं. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती. पण यादी त्यांनी ठेवून घेतली. गाइड बदलला गेला, नव्या कॉइलच्या पहिल्या पट्ट्या वेगळ्या काढायचा नियम झाला. रिजेक्शन लगेच उतरलं नाही. दिवाळीपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला होता. नोव्हेंबरच्या शेवटी फ्रान्सहून पुन्हा मेल आला. तो मी तीनदा वाचला, मग सरांना वाचून दाखवला, मगच लाइनवर सांगितला. विभाग चालू राहणार होता. त्यात एकही 'सी' नव्हता.

गेलेल्यांपैकी चारजण परत आले. मंदा आली नाही. मी तिला दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "ताई, पोरीला इथल्या शाळेत आता मैत्रिणी झाल्यात. पुन्हा नको उपटायला." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या प्रकरणाबद्दल सर मला नंतर कधीही एक शब्द बोलले नाहीत. मला येता-जाता शब्दाचा शेवट दोनदा बघायची सवय लागली, ती आजही आहे. फ्रेंचच नव्हे, मराठीसुद्धा. कुणी 'होईल' म्हटलं की मी विचारते, कशावर?

एकदा क्लासमधल्या एका पोरानं सरांना विचारलं, "सर, तुम्ही तिकडंच राहिला असता तर?" तिथल्या मालकानं त्यांना आणखी दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं हे आम्हाला ठाऊक होतं. इकडं कमलकाकूंना तेव्हा सातवा महिना होता, म्हणून सर परत आले. पुढं चिंचवडचा तो प्रेस विभागच बंद पडला आणि सरांना वेळेआधी घरी बसावं लागलं. सरांनी खडू उचलला. नेटच्या अलीकडे फ्रेंचमध्ये लिहिलं, 'जर मी राहिलो असतो'. पलीकडे गेले, खडू टेकवला आणि तसेच उभे राहिले. मग फडकं घेऊन अलीकडचंही पुसलं.

"हा पुढचा धडा हाय, होऊन गेलेल्याचा," ते म्हणाले. "शिकवीन. पण वापरायचा कमी. पलीकडची बाजू आपल्याला ठाऊक नसती, आणि माणूस उगं भरत बसतो."

तो धडा राहूनच गेला. पुढच्या वर्षी कमलकाकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. सरांनी क्लास बंद केला. आम्हा सगळ्यांना एकेक करून फोन केला आणि प्रत्येकाला सांगितलं की अमुक धड्यापासून पुढं स्वतः वाच, तमुक क्रियापदं कच्ची आहेत. माझी कच्ची क्रियापदं त्यांना तोंडपाठ होती. काही महिन्यांनी दोघं मुलीकडे लातूरला राहायला गेले. मी अधूनमधून फोन करायचे. मागच्या वर्षी मुलीचा निरोप आला, सर गेले. झोपेतच गेले, म्हणाली.

मला ते शेवटचे दिसले ते लातूरला जायच्या आठवडाभर आधी. मला फ्रान्सला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगसाठी पाठवायचं ठरलं होतं. ते सांगायला, आणि पाया पडायला, मी सकाळीच निघाले होते. सोसायटीजवळच्या बागेच्या जाळीपाशी आले आणि थांबले. आत सर उलटे चालत होते. दोन्ही हात पुढं पसरलेले, पण कुठं न टेकवलेले. त्यांच्यासमोर दीड हाताच्या अंतरावर कमलकाकू, एक पाय ओढत, ओठ घट्ट मिटून, एकेक पाऊल टाकत होत्या. त्या थांबल्या की सर थांबायचे. त्या निघाल्या की सर पुन्हा एक पाऊल मागं.

पायवाटेला वळण आलं. सरांना ते पाठीमागं असल्यानं दिसत नव्हतं. काकूंनी डावा हात उचलून त्यांना वळायची खूण केली, आणि सर काकूंच्या हाताकडे बघत, मागं वळून न पाहता, वळले. मी जाळीबाहेर उभी राहिले. हाक मारली नाही. दोघं मेंदीच्या कुंपणाआड गेली, तरी सरांचे मागं-मागं पडणारे चपलांचे आवाज बराच वेळ ऐकू येत होते.